लंडन–न्यूयॉर्क: जाताना पावणेआठ तास, येताना साडेसहा

फेब्रुवारीत लंडनच्या हीथ्रोहून न्यूयॉर्कच्या जेएफके विमानतळावर जाऊन आलो. दोन्हींमधलं हवाई अंतर साधारण ५,५४० किलोमीटर. विमान ताशी ९०० किलोमीटरने उडतं, म्हणजे सहा तास आणि वर थोडी मिनिटं, असा हिशेब मी निघताना मांडला होता. प्रत्यक्षात गेटपासून गेटपर्यंत जाताना ७ तास ५० मिनिटं लागली, परतताना ६ तास ३५ मिनिटं.

हा फरक वाऱ्याचा. उत्तर अटलांटिकवर, विमानं उडतात साधारण त्याच उंचीवर, पश्चिमेकडून पूर्वेकडे जेट स्ट्रीम वाहते आणि हिवाळ्यात तिचा जोर सर्वाधिक असतो. जाताना ती समोरून अडवते, येताना पाठीवर घेते. परतीच्या रात्री समोरच्या स्क्रीनवर जमिनीच्या हिशेबाने वेग ताशी १,१०० किलोमीटरवर गेलेला पाहिला आणि झोपच उडाली. फेब्रुवारी २०२० मध्ये तर वादळी वाऱ्यामुळे एक बोइंग ७४७ न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोचलं होतं.

स्क्रीनवरचा मार्ग पाहून शेजारचे गृहस्थ म्हणाले, "हे एवढं उत्तरेला वळून का नेतायत?" सपाट नकाशावर तसंच वाटतं. पण पृथ्वीगोलावर दोन्ही शहरांमध्ये दोरा ताणून पाहा, तो आयर्लंड आणि न्यूफाउंडलंडवरूनच जातो. सर्वांत जवळची वाट तीच. शिवाय वारा पाहून या समुद्रावरचे मार्ग रोज नव्याने आखले जातात, त्यामुळे प्रत्यक्ष कापलेलं अंतर रोज थोडं वेगळं भरतं.

तिकिटावरच्या वेळा स्थानिक असतात, तिथे नीट लक्ष द्या. माझं विमान ११:२० ला सुटून १४:२० ला पोचणार होतं. हे तीन तास नव्हेत, घड्याळातल्या पाच तासांच्या फरकासह आठ. त्यातही अमेरिका मार्चमध्ये घड्याळं ब्रिटनच्या आधी पुढे करते आणि शरद ऋतूत ब्रिटनच्या नंतर मागे घेते. त्या मधल्या दिवसांत फरक चारच तासांचा राहतो. कुणाला न्यायला यायला सांगणार असाल तर हे आधी तपासा.

पुढचं विमान पकडायचं असेल तर किलोमीटरवरून वेळ काढत बसू नका. वेळापत्रकातली वेळ धरा, कारण धावपट्टीपर्यंतची रांग आणि उतरल्यावर गेटपर्यंतचा फेरा तिच्यात मोजलेला असतो. इमिग्रेशनची रांग मात्र नसते, त्यासाठी वेगळा वेळ ठेवा. वारा पाठीशी होता म्हणून आम्ही लवकर आलो खरे, पण उतरायला जागा मिळेपर्यंत हीथ्रोजवळ घिरट्या घालाव्या लागल्या.

परतीसाठी मी पुन्हा रात्रीचं विमान घेणार नाही. एवढ्या छोट्या रात्रीत जेवण आणि नाश्ता वजा केला तर जेमतेम तीन तास झोप मिळते, आणि उतरता तेव्हा न्यूयॉर्कच्या घड्याळात मध्यरात्र उलटून थोडाच वेळ झालेला असतो. न्यूयॉर्कहून सकाळी सुटणारी मोजकी विमानं आहेत. ती संध्याकाळी लंडनला पोचतात. दिवस मोडतो, पण त्या रात्री अंथरुणावर झोपता येतं.