काळी प्रोब कुठे टेकवायची? पीएलसीच्या इनपुट कार्डांचा माझा अनुभव

एका जुन्या यंत्राचे रिले पॅनेल काढून तेथे पीएलसी (यंत्र चालवणारा प्रोग्रामयोग्य नियंत्रक) बसवण्याचे काम माझ्याकडे आले, तेव्हा प्रोग्राम लिहिणे हाच त्यातला अवघड भाग असेल असे मी धरून चाललो होतो. प्रोग्राम दोन दिवसांत तयार झाला. उरलेला आठवडा गेला तो २४ व्होल्ट डीसीच्या, प्रत्येकी १६ इनपुटांच्या तीन कार्डांमध्ये. स्विच आणि सेन्सरांचे संकेत या कार्डांतून पीएलसीपर्यंत पोहोचतात.

पहिल्या कार्डावर पुश बटणे आणि लिमिट स्विच होते. एक माणूस यंत्रापाशी उभा राहून स्विच दाबत असे, मी पॅनेलमध्ये कार्डावरचा दिवा पाहत असे आणि त्यानंतरच पीएलसीच्या स्क्रीनवर त्या इनपुटचा बिट (० किंवा १) बदलतो का ते तपासत असे. हा क्रम मी पुढेही सोडला नाही, कारण कार्डावरचा दिवा लागला आणि बिट बदलला नाही तर चूक पत्त्यात किंवा प्रोग्राममध्ये शोधायची असते आणि दिवाच लागला नाही तर ती तारांमध्ये. तासाभरात ते कार्ड पूर्ण झाले.

दुसऱ्या कार्डावर ड्रॉइंगप्रमाणे सगळे तीन तारांचे पीएनपी प्रॉक्सिमिटी सेन्सर (धातू जवळ आला की संकेत देणारे) होते : तपकिरी तार २४ व्होल्टला, निळी ० व्होल्टला आणि काळी तार कार्डाच्या इनपुटला. सेन्सरसमोर लोखंडी पट्टी धरली की सेन्सरवरचा दिवा लागत होता, पण कार्डावरच्या १६ दिव्यांपैकी एकही लागत नव्हता. मी मल्टिमीटरची लाल प्रोब इनपुटच्या टर्मिनलवर आणि काळी प्रोब शेजारच्या, सेन्सरांच्या निळ्या तारा आलेल्या टर्मिनलवर टेकवली. मीटरने २४ व्होल्ट दाखवले. टर्मिनलपर्यंत विद्युतदाब येतो आहे आणि दिवा लागत नाही, म्हणजे कार्ड खराब आहे, असा निष्कर्ष मी काढला आणि राखीव कार्ड बसवले. त्याचेही दिवे लागले नाहीत आणि माझा अर्धा दिवस त्यात गेला.

पॅनेलचे काम करणारे ज्येष्ठ वायरमन माझ्या मागे येऊन उभे राहिले आणि त्यांनी एवढेच विचारले, “साहेब, काळी प्रोब कार्डाच्या कॉमनवर ठेवून पाहिलीत का?” कॉमन म्हणजे कार्डावरच्या इनपुटांचा प्रवाह जेथून परततो ते सामाईक टर्मिनल. मी काळी प्रोब तेथे ठेवली. २४ व्होल्टच्या जागी मीटरवर जवळजवळ शून्य दिसू लागले.  सेन्सर चालू असूनही इनपुट आणि कॉमन यांच्यात दाब नसेल, तर मंडल कोठेतरी तुटलेले आहे असे समजावे.

कारण साधे होते. यंत्रावरच्या केबलमध्ये शॉर्ट झाले तरी पीएलसी बंद पडू नये म्हणून सेन्सरांना वेगळा पॉवर सप्लाय दिलेला होता, आणि ड्रॉइंगमध्ये दोन्ही सप्लायांचे ० व्होल्ट एका जम्परने (छोट्या जोडतारेने) जोडलेले दाखवले असताना प्रत्यक्षात तो जम्पर बसवायचा राहून गेला होता. सेन्सरच्या काळ्या तारेतून निघालेला प्रवाह इनपुटच्या आतल्या ऑप्टोकप्लरमधून (प्रकाशाद्वारे संकेत पुढे देणाऱ्या भागातून) कार्डाच्या कॉमनपर्यंत जातो आणि तेथून त्याला ज्या सप्लायमधून तो निघाला त्याच सप्लायकडे परतावे लागते. परतीची वाटच नव्हती, त्यामुळे प्रवाह नव्हता आणि दिवाही नव्हता. मी मोजलेले २४ व्होल्ट खरेच होते. मात्र ते ज्या दोन बिंदूंमध्ये होते, त्यांतला दुसरा कार्डाच्या कॉमनला जोडलेलाच नव्हता. दोन्ही ० व्होल्टांमध्ये एसी आणि डीसी असे दोन्ही दाब आधी मोजून, काही विपरीत नाही याची खात्री केल्यावर आम्ही जम्पर बसवला आणि सेन्सर एकामागून एक प्रतिसाद देऊ लागले. एका कॉमनवरचे सगळेच इनपुट मृत असतील तर प्रथम कॉमन पाहावा, एकटाच मृत असेल तर त्याची तार पाहावी, हा भेद मला आधी सुचायला हवा होता.

त्या १६ मधले दोन तरीही गप्प राहिले. त्यांच्या अंगावरचा छापील क्रमांक वाचल्यावर ते एनपीएन निघाले. कोणीतरी पूर्वी दुरुस्तीत बदलले असावेत. पीएनपी सेन्सर काळ्या तारेला २४ व्होल्टकडे जोडतो, एनपीएन तीच तार ० व्होल्टकडे खेचतो. आमच्या कार्डाचा कॉमन ० व्होल्टला असल्यामुळे एनपीएन सेन्सरने कितीही इमानाने काम केले तरी इनपुटमधून प्रवाह वाहणे शक्य नव्हते. दोन्ही सेन्सर बदलले.

तिसऱ्या कार्डावरचा दोष मात्र उलटा होता. यंत्राची पकड उघडल्याचे कळवणारा इनपुट कधी पूर्ण बंद होत नव्हता, आणि कधीकधी तो उगाच लुकलुकत असे. तेथे दोन तारांचा प्रॉक्सिमिटी सेन्सर होता. असा सेन्सर स्वतः जिवंत राहण्यासाठी बंद अवस्थेतही थोडा प्रवाह गळू देतो. मीटर एकसर जोडून मोजल्यावर ही गळती १.२ मिलिअँपिअर भरली. कार्डाच्या माहितीपत्रकात २४ व्होल्टला ४ मिलिअँपिअर प्रवाह दिला होता, म्हणजे इनपुटचा रोध ढोबळमानाने ६ किलोओहम. त्यामुळे सेन्सर बंद असतानाही इनपुटवर ७ व्होल्टांच्या आसपास दाब राहत होता, आणि या वेळी कॉमनवर प्रोब ठेवून मी तो प्रत्यक्ष मोजलाही. पीएलसीसाठीच्या आयईसी ६११३१-२ या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे टाइप १ इनपुटसाठी ५ व्होल्टांपर्यंत निश्चित ‘बंद’ आणि १५ व्होल्टांपासून निश्चित ‘चालू’ असते. मधल्या पट्ट्यात कार्ड काय ठरवील याची हमी कोणीच देत नाही. आमचा इनपुट नेमका त्या पट्ट्यात अडकला होता. दोन तारांचे सेन्सर सरसकट वापरू नयेत असे माझे मत तेव्हापासून झाले आहे. वापरायचेच असतील तर त्यांची गळती आणि कार्डाचा टाइप खरेदीच्या आधी ताडून पाहावा.

नवा सेन्सर मागवायला वेळ नव्हता, म्हणून इनपुट आणि कॉमन यांच्यामध्ये २.२ किलोओहमचा रेझिस्टर समांतर जोडण्याचे ठरवले. त्यामुळे गळतीच्या प्रवाहाला दुसरी वाट मिळते आणि एकत्रित रोध सुमारे १.६ किलोओहम होऊन बंद अवस्थेतला दाब २ व्होल्टांच्या आत येतो. सेन्सर चालू असताना त्या रेझिस्टरमध्ये पाव वॅटच्या आसपास उष्णता निर्माण होते, म्हणून मी १ वॅटचा घेतला. चालू अवस्थेत सेन्सर स्वतः सुमारे ४ व्होल्ट खात होता. तरीही इनपुटवर २० व्होल्ट उरत होते आणि ते पुरेसे होते. जोडल्यावर बंद अवस्थेत १.९ व्होल्ट भरले आणि दिवा पूर्ण विझला.

रेझिस्टरच्या पायांवर स्लीव्ह चढवून तो टर्मिनलपट्टीवर पक्का बसवला. त्याचे मूल्य, वॅट आणि तो बसवण्याचे कारण ड्रॉइंगमध्ये त्या इनपुटशेजारी लिहिले, नाहीतर पुढच्या दुरुस्तीत कोणीतरी अनावश्यक समजून तो काढून टाकला असता. तपासणीच्या तक्त्यात ‘दिवा’ आणि ‘बिट’ या दोन रकान्यांशेजारी ‘कॉमनच्या संदर्भाने व्होल्ट’ असा तिसरा रकाना आखला आणि ४८ इनपुटांचे चालू व बंद असे दोन्ही आकडे त्यात भरले. त्यात एका लिमिट स्विचचा चालू आकडा बाकीच्यांपेक्षा ३ व्होल्टांनी कमी निघाला. तार सोडवून पाहिली तेव्हा टर्मिनलच्या स्क्रूखाली तांब्याऐवजी तारेचे आवरण दाबले गेलेले होते. टोकाला फेरूल (धातूची छोटी नळी) लावून ती तार पुन्हा बसवली आणि त्या संध्याकाळी यंत्र प्रथमच ऑटोवर फिरवले.