घरच्याला पासवर्ड कशाला?

इंदूरला रामबागेतल्या आमच्या घरात वर काका राहतात, खाली आम्ही. जिन्यावरून दिवसभर काहीबाही ये-जा करत असतं: पेपर, पोह्यांची बशी, शेवेची बरणी, कुणाच्या तरी लग्नाची पत्रिका. अडते ती फक्त फाइल. काकांच्या कॉम्प्युटरवर आजोबांच्या कॅसेटींवरून उतरवलेली नाट्यपदं आहेत, ती खालच्या लॅपटॉपवर ऐकायची म्हटली की दोन्ही यंत्रं एकमेकांना ओळख द्यायला तयार नसतात.

पेनड्राइव्ह आहेच की, असं म्हणणारे भेटतात. पण पेनड्राइव्हने एकाच्या दोन प्रती होतात. काका वर बसून पदांची नावं दुरुस्त करणार, माझा मुलगा खाली त्याच फाइलींचा आवाज साफ करणार, आणि महिन्याभरात ‘अंतिम’, ‘अंतिम नवीन’, ‘काकांची अंतिम’ अशा फाइली जमणार. प्रत एकच हवी, म्हणून तर फोल्डर शेअर करायचा, म्हणजे वरचाच फोल्डर खालून उघडायचा.

माझं मत विचाराल, तर सेटिंगांत शिरण्याआधी घरातले राउटर मोजावेत. आमच्याकडे वर एक, आणि खाली रेंज येत नाही म्हणून खाली दुसरा. खालचा राउटर वरच्याकडून नेट घेतो, पण जोडलेल्या यंत्रांना आकडी पत्ते मात्र स्वतःचे वाटतो. काकांच्या कॉम्प्युटरचा पत्ता १९२.१६८.० ने सुरू होणारा, आमच्या लॅपटॉपचा १९२.१६८.१ ने. एका छपराखाली दोन वेगळी गावं! अशा मांडणीत खालून वरचा पत्ता टाकून हाक मारली तर एखादे वेळी पोचते, वरून खाली मात्र राउटर ती येऊ देत नाही. आणि नेटवर्कच्या यादीत तर कुणालाच कुणी दिसत नाही. उपाय सोपा आहे. खालच्या राउटरचं पत्ते वाटण्याचं काम, म्हणजे डीएचसीपी, बंद करायचं, त्याला वरच्याच्या मालिकेतला मोकळा पत्ता द्यायचा आणि वरून आलेली केबल ‘वॅन’ऐवजी ‘लॅन’ लिहिलेल्या जागी खोचायची. लॅपटॉप पाहुण्यांसाठीच्या ‘गेस्ट’ वाय-फायवर नाही ना, तेही तेव्हाच बघून घ्यावं. तिथल्यांना बहुतेक राउटर घरातल्या यंत्रांशी बोलूच देत नाहीत.

एवढं करूनही यादी रिकामीच राहिली. हल्लीचं विंडोज नवं नेटवर्क दिसलं की ते ‘पब्लिक’ धरून चालतं, आणि पब्लिक नेटवर्कवर स्वतःला दाखवत नाही. छप्पन दुकानच्या खाऊगल्लीत कॉफी पिताना हे उत्तमच. घरी मात्र दोन्हीकडे ‘प्रायव्हेट’ करावं लागतं.

मग लॅपटॉपने काकांच्या कॉम्प्युटरवरच्या खात्याचं नाव आणि पासवर्ड मागितला.

“आजोबा, पासवर्ड काय आहे?” मुलाने जिन्यातून काकांना विचारलं.

“पासवर्ड? नाही ठेवलेला. घरात कशाला हवा?”

“नाही ठेवलात म्हणूनच तो आत घेत नाहीये.”

“हे बरंय! कुलूप नाही म्हणून दार उघडत नाही?”

काकांचा प्रश्न बिनतोड होता, पण विंडोजचा नियम तसाच आहे. पासवर्ड नसलेलं खातं त्या यंत्रासमोर बसूनच उघडतं, नेटवर्कवरून नाही. चार आकडी पिन असेल तर तोही इथे चालत नाही. शेवटी काकांनी पासवर्ड ठेवला, आणि तो कागदावर लिहून मॉनिटरला चिकटवला. मुलगा कपाळाला हात लावून खाली आला, पण नाट्यपदं लागली. (त्यांवर आधी ‘लिहिण्याची परवानगी नाही’ आलं. शेअरची परवानगी वेगळी, फोल्डरची वेगळी, आणि दोन्हींत जी कडक ती खरी.)

राहिली घराण्याची वंशावळ, तीही खाली हवी होती. ती काकांच्या दुसऱ्या, जुन्या विंडोज एक्सपीवाल्या डब्यात आहे, कारण ज्या जुन्या मराठी फॉन्टात ती टाइप केली तो तिथेच नीट चालतो. एक्सपीला फाइली देण्याघेण्याची एकच बोली येते: एसएमबी नावाच्या विंडोजच्या फाइल-बोलीची पहिली आवृत्ती. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ हा व्हायरस याच आवृत्तीच्या विंडोजमधल्या भोकातून एका यंत्रावरून दुसऱ्यावर पसरला आणि फाइली कुलूपबंद करून खंडणी मागत सुटला. त्याच वर्षाच्या उत्तरार्धापासून नव्याने टाकलेल्या विंडोज १० मध्ये ती आवृत्ती सहसा येईनाशी झाली. हवी तर आजही सुरू करता येते. काकांचं म्हणणं, करा सुरू, आपल्या घरात कोण येतंय? मुलगा म्हणाला, मुळीच नाही. मी मुलाच्या बाजूने. एक्सपीचे सुरक्षा अपडेट एप्रिल २०१४ मध्येच थांबले. असलं यंत्र नेटवर ठेवूच नये.

तेव्हा वंशावळ पेनड्राइव्हवरूनच खाली आली आणि लॅपटॉपवर सगळे पूर्वज इंग्रजी अक्षरं नि स्वल्पविराम होऊन बसले. मुलाने पुन्हा वर जाऊन फॉन्टची फाइल आणली, तेव्हा कुठे ते माणसांत आले. लगे हाथ अख्खी वंशावळ युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही यंत्रावर वाचता येईल अशा अक्षरांत, करून टाकू, असं तो म्हणतोय. काकांना त्याआधी नव्या नातसुनेचं नाव घालायचं आहे, आणि ते नाव काका एक्सपीवरच घालणार.