खिम्याशिवाय रागू

चाळीस जणांच्या जेवणाची ऑर्डर होती आणि अटी स्पष्ट होत्या. इटलीतल्या बोलोन्याच्या रागूसारखा, म्हणजे खिमा मंद आचेवर शिजवून केलेल्या पास्त्याच्या सॉससारखा, भरदार सॉस हवा. मांस नको, अंडं नको आणि वासराच्या रेनेटचं, म्हणजे वासराच्या जठरातून काढलेल्या, दूध साकळवणाऱ्या द्रव्याने केलेलं चीजही नको. तिसरी अट बरेच जण विसरतात. अस्सल पार्मिजानो रेज्जानो हे इटालियन चीज वासराच्या रेनेटनेच बनतं, त्यामुळे ते शाकाहारी नाही. आम्ही हिरवा ठिपका असलेलं कडक चीज घेतलं. अंडं चालणार नव्हतं म्हणून अंडं घालून केलेल्या ताज्या तालियातेल्लेऐवजी (पट्ट्यांच्या पास्त्याऐवजी) ड्युरम या कडक गव्हाचा सुका रिगातोनी, म्हणजे नळीच्या आकाराचा पास्ता, घेतला.

इटालियन पाककला अकादमीने १९८२ साली बोलोन्याच्या चेंबर ऑफ कॉमर्समध्ये रागूची कृती रीतसर नोंदवली. तिच्यात टोमॅटो बेताचाच आहे आणि दूधही आहे. मांस वगळलं की त्याची जागा टोमॅटोने भरायची, ही सर्रास होणारी चूक. मग आंबट, पातळ रस्सा हाती येतो. मांसामुळे रागूला चार गोष्टी मिळतात: भाजल्याचा खमंगपणा, चरबी, चिकट दाटपणा आणि जिभेवर रेंगाळणारी चव. या चारही गोष्टी वेगवेगळ्या पदार्थांतून आणाव्या लागतात. कुठलाही एक पदार्थ हे सगळं करत नाही, सोया चुरा तर नाहीच.

दहा जणांचं प्रमाण देते. तीस ग्रॅम सुके शिताके मशरूम ६०० मिली गार पाण्यात आदल्या रात्री फ्रिजमध्ये भिजवले. टोमॅटोत ग्लुटामेट असतं, रेंगाळणारी चव त्याची. मांसातलं इनोसिनेट नावाचं द्रव्य ती चव कित्येक पटींनी उठावदार करतं. सुक्या शिताकेतलं ग्वानिलेट हे तसंच द्रव्य तेच काम करतं. म्हणून भिजवलेलं पाणी फेकायचं नाही. ते गाळून मंद आचेवर हळूहळू तापवायचं. ग्वानिलेट साधारण साठ ते सत्तर अंशांच्या टप्प्यात चांगलं तयार होतं, एकदम उकळी आणली तर तो टप्पा भुर्रकन निघून जातो.

एक किलो बटण मशरूम हाताने बारीक चिरले. मिक्सरमध्ये त्यांचा लगदा होतो. रुंद, तापलेल्या कढईत पातळ थर, सुरुवातीला तेल नाही, मीठ नाही. मशरूममध्ये नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणी असतं. कढई गच्च भरली की ते स्वतःच्याच पाण्यात शिजत राहतात, लाल होत नाहीत. त्या दिवशीचा माल फ्रिजमधून ओला आला होता, म्हणून घाण्यांची संख्या वाढवली. पाणी आटून चुरचुर आवाज बदलला की तेल घालायचं आणि कडा गडद तपकिरी होईपर्यंत थांबायचं. इथे घाई केली तर पुढे दोन तास उकळूनही ती चव येत नाही.

कांदा ३००, गाजर १५० आणि सेलरी १५० ग्रॅम, सगळं अगदी बारीक. १०० मिली ऑलिव्ह तेल आणि ५० ग्रॅम लोण्यात मंद आचेवर अर्धा-पाऊण तास. मग १२० ग्रॅम टोमॅटो पेस्ट तेल सुटून विटकरी होईपर्यंत परतायची, २०० मिली रेड वाइन पूर्ण आटवायची आणि त्यानंतर डब्यातले सोललेले टोमॅटो, फक्त ८०० ग्रॅम. आपल्याकडचे ताजे टोमॅटो बहुधा जास्त पाणचट आणि आंबट निघतात, त्यामुळे आटवायला वेळ लागतो.

खरी अडचण अख्ख्या मसुरांनी केली. दहा जणांना १५० ग्रॅम मसूर दाटपणासाठी हवे होते, आणि एका भांड्यात ते कच्चेच टोमॅटोत पडले होते. तासाभराने दाणा दाबला तर आत टणक. आंबटपणामुळे दाण्यातलं पेक्टिन, म्हणजे पेशींना घट्ट धरून ठेवणारं द्रव्य, सैल होत नाही. कितीही उकळा, दाणा अडून बसतो. सोड्याने मऊ झाले असते, पण चव साबणासारखी लागली असती. शेवटी त्या भांड्यातला सॉस गरम पाण्याने सैल केला, कुकरला दोन शिट्ट्या दिल्या आणि रुंद पातेल्यात पुन्हा आटवला. न सैलावता दाट सॉस कुकरला लावला असता तर तळ करपला असता. बाकी भांड्यांसाठी मसूर साध्या पाण्यात वेगळे शिजवले, दाणा मऊ पण अख्खा, आणि नंतर मिसळले.

अक्रोड १०० ग्रॅम, उकळत्या पाण्यात दोन मिनिटं ठेवून निथळले, कारण सालीतला तुरटपणा सॉसमध्ये उतरतो. मग भाजून भरड कुटले. मशरूम, चिरलेले शिताके, त्यांचं पाणी, एक चमचा सोया सॉस घालून झाकण अर्धं ठेवून दीड तास. शेवटच्या वीस मिनिटांत १५० मिली दूध; त्याने टोमॅटोची धार मोडते. मीठ अगदी शेवटी, कारण सॉस आटतो तसा खारट होत जातो.

पास्त्याच्या पाण्यात लिटरमागे दहा ग्रॅम मीठ. पाकिटावरच्या वेळेच्या दोन मिनिटं आधी रिगातोनी काढून सॉसमध्ये घातला, सोबत डावभर पास्त्याचं पाणी. एका कढईत सात-आठ प्लेटींपेक्षा जास्त घ्यायचं नाही. ढीग झाला की खालचा पास्ता फुगतो, वरचा कोरडा राहतो, आणि सॉस नळीच्या आत शिरतच नाही.