चौघांच्या कानांत चार वेगळे मिक्स

पुण्यातल्या आमच्या छोट्या स्टुडिओत एका अभंगाचं रेकॉर्डिंग होतं. गायिका, तबला, हार्मोनियम आणि बासरी, चौघं एकदमच वाजवणार. आजवर आम्ही सगळ्यांना हेडफोनमध्ये एकच मिक्स, म्हणजे सगळ्या आवाजांचं एकच मिश्रण, द्यायचो. मग एकाला तबला जास्त हवा, दुसऱ्याला तोच नको, यात सकाळ निघून जायची. या वेळी प्रत्येकाला स्वतंत्र मिक्स द्यायचं ठरवलं.

इंटरफेसला (माइक कॉम्प्युटरला जोडणारी पेटी) आठ माइक इनपुट आणि दहा आउटपुट. १-२ वर कंट्रोल रूमचे स्पीकर, उरलेल्या चार जोड्या चौघांना. मध्ये हेडफोन अ‍ॅम्प हवाच. तो घेताना मागची बाजू नक्की बघा. स्वस्तातल्या चार चॅनलच्या अ‍ॅम्पला बरेचदा इनपुट एकच असतो, म्हणजे चौघांना पुन्हा तेच ऐकू येणार. आम्हाला प्रत्येक चॅनलला वेगळा इनपुट असलेला शोधावा लागला.

आधी सगळं सॉफ्टवेअरमधून पाठवून पाहिलं. प्रत्येक ट्रॅकवरून चार सेंड (प्रत्येकाच्या मिक्सकडे जाणारी आवाजाची वेगळी वाट), सगळे प्री-फेडर, म्हणजे मी माझ्यासाठी बासरी वरखाली केली तरी कलाकारांच्या कानात फरक पडत नाही. पण ४८ किलोहर्ट्‌झला २५६ सॅम्पलचा बफर (आवाज पुढे देण्याआधी कॉम्प्युटर जमवतो तो तुकडा) म्हणजे ५.३ मिलिसेकंद उशीर, तोही एका बाजूचा. जाऊन-येऊन दहाच्या वर. तबल्याला ते लगेच जाणवलं. बफर ६४ वर आणला तर आवाजात कडकड सुरू झाली. शेवटी माइकचे आवाज कॉम्प्युटरमध्ये न नेता इंटरफेसच्या स्वतःच्या मिक्सरमधून दिले आणि सॉफ्टवेअरकडे फक्त तानपुरा, क्लिक (लयीची टकटक) आणि रिव्हर्ब (आवाजाचा घुमारा) ठेवले. रिव्हर्ब थोडा उशिरा आला तरी कानाला खटकत नाही. माइकच्या ट्रॅकचे सेंड तेवढे आठवणीने बंद करायचे, नाहीतर आवाज दुहेरी येतो.

गायिका म्हणाल्या, "दादा, माझा आवाज पोकळ वाटतोय." लेव्हल वाढवून काही फरक पडेना. गाणाऱ्याला स्वतःचा आवाज हाडांमधूनही ऐकू येतो. हेडफोनमधला आवाज त्याच्या उलट पोलॅरिटीत (एकाची लाट वर तेव्हा दुसऱ्याची खाली) आला, की दोन्ही एकमेकांना खातात, खर्ज तर जातोच. माइकच्या चॅनलवर पोलॅरिटी उलटवली. त्यांनी एक "सा" लावला आणि म्हणाल्या, "हां, आता माझाच गळा आहे." हे बटण दोन्हीकडे दाबून ऐकल्याशिवाय मी आता गायकाला हेडफोन देत नाही.

त्यांना तानपुरा भरपूर, हार्मोनियम बेताची, स्वतःचा आवाज मध्यम. हे मध्यम फार जपून ठरवावं लागतं: स्वतःचा आवाज जास्त मिळाला की गायक हात राखून गातो, कमी मिळाला की ओढून गातो. तबलजींना स्वतःचा तबला जवळजवळ नकोच होता, तो समोरच वाजत होता. त्यांना हवे होते गाण्याचे शब्द, अगदी स्पष्ट. "मुखडा कुठून उचलतात ते कळलं की सम माझी," म्हणाले. क्लिक फक्त त्यांनाच दिली. हार्मोनियमला गाणं आणि तबला पुरले. बासरीवाल्यांनी मात्र तानपुऱ्यासोबत हार्मोनियमही मागितली, कारण दोघांची सुरावट बऱ्याच ठिकाणी एकत्र चालते.

क्लिकचा उपद्रव अभंग संपताना कळला. तबला थांबतो, नुसता आलाप उरतो, आणि तबलजींच्या हेडफोनमधली टकटक गायिकेच्या माइकमध्ये उतरते. बंद पाठीचे हेडफोन असूनही. तबल्याचा शेवटचा ठेका झाला की क्लिक आपोआप बंद होईल असं ऑटोमेशन टाकलं.

प्रत्येक मिक्स मी टेकच्या आधी त्या त्या कलाकाराच्या जागी बसून, त्यांचाच हेडफोन लावून ऐकला. कंट्रोल रूममधून तो अंदाज येतच नाही, कारण तबल्याशेजारी बसल्यावर हेडफोनच्या बाहेरूनही केवढा आवाज कानात येतो ते तिथेच कळतं. तबलजींच्या मिक्समध्ये गाण्याची लेव्हल मी ठरवली होती त्यापेक्षा बरीच वर न्यावी लागली.