पगारातून कापलेला पीएफ खात्यात आणताना

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत मी फेटलिंगला, म्हणजे ओतीव भागांच्या कडा घासून साफ करायला आहे. शेड तीच, ग्राइंडर तोच. अकरा महिन्यांनी बदलतो तो ठेकेदार. तो बदलला की नवा गेटपास, आणि कागदावर आम्ही पुन्हा नवखे. ग्रॅच्युइटीला साधारणपणे सलग 5 वर्षांची सेवा लागते, ती कधी भरतच नाही.

आईच्या ऑपरेशनसाठी पैसे काढायला एका पोरानं पासबुक उघडलं, तर कित्येक महिने रकाना कोरा. पगारातून 12 टक्के मात्र न चुकता कापलेले. मग आम्ही एकमेकांना एवढंच सांगत सुटलो : आपलं पासबुक बघ.

ते बघणंही सोपं नव्हतं. बऱ्याच जणांच्या यूएएनला, म्हणजे पीएफच्या कायमच्या नंबराला, ठेकेदाराच्या माणसाचा मोबाइल नंबर जोडलेला, ओटीपी त्याच्याकडं जायचा. म्हणून आधी आधारला स्वतःचा नंबर, मग यूएएनला. पेठेतल्या तालमीच्या वरच्या खोलीत सुट्टीदिवशी हेच काम चालायचं. बिहारच्या पोरांना पीएफ ऑफिसला द्यायचा अर्ज हिंदीत वाचून दाखवला. कोअर शॉपमधल्या, म्हणजे साच्यातले वाळूचे गाभे करणाऱ्या बायका आल्या आणि खोली भरली. त्यांच्या पगाराच्या स्लिपा सगळ्यात नीट जपलेल्या होत्या.

सहीला मात्र हात आखडायचे. "उद्यापासून येऊ नको" एवढं तोंडी म्हटलं की आमची नोकरी संपते, ही भीती खोटी नाही. म्हणून सह्या गोलात घेतल्या, पहिलं नाव कुणाचं ते कळूच नये.

कंपनीचं उत्तर ठरलेलं : ही आमची माणसं नाहीत, ठेकेदाराला विचारा. युनियनच्या वकिलांनी तिथंच धरलं. पीएफ योजनेप्रमाणं ठेकेदाराच्या कामगारांची वर्गणी भरायची जबाबदारी मुख्य मालकावर, म्हणजे कंपनीवर येते. 1970 चा कंत्राटी कामगार कायदाही ठेकेदारानं पगार थकवला तर तो मुख्य मालकानं द्यावा, असंच सांगायचा. पीएफ ऑफिसातल्या अर्जाला प्रत्येकाची स्लिप आणि कोरं पासबुक शेजारी शेजारी लावलं. माझ्या मते सगळं वजन त्या जोडीत होतं. नुसतं निवेदन फाइलीत पडून राहिलं असतं.

चौकशीची नोटीस निघाली आणि थकलेले महिने खात्यात दिसायला लागले. काहींचे अजून यायचेत, नाव आणि जन्मतारखेच्या दुरुस्तीत अडकलेत. आता नवा ठेकेदार येतोय. मागची सेवा सलग धरावी, एकालाही गेटबाहेर ठेवू नये, असं पत्र त्याच्या आधीच कंपनीला दिलंय. पोहोच घेतलीय. या वेळी सह्या सरळ, एकाखाली एक आहेत.