माणशी दोन घागरी

१५ जानेवारी

आज गड्ड्यातलं, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेतलं, शोभेचं दारूकाम झालं. मला सोलापुरात येऊन बरोबर एक वर्ष झालं, म्हणून वही काढली. वही घरातल्या नातवाची, सहावीची, मागची पानं कोरी राहिलेली. पेन माझ्या नखांत टिकत नाही. पेन्सिल टिकते, पण विचार करताना दातांत धरायची खोड आहे, त्यामुळं दोन जळाल्या.

गेल्या वर्षी मी होम मैदानात उतरले ती याच रात्री. वर इतकी आग उडत होती की त्यातली एक पेटती गोष्ट खाली येऊन पाळण्यामागं बसली, हे कुणाच्या ध्यानातही आलं नाही. दोन बायका थांबल्या, मला खालीवर बघितलं, "सोंग झकास केलंय की" म्हणाल्या आणि भज्यांच्या गाड्याकडं गेल्या. एका पोरानं मात्र शेपटीला हात लावला. ती गरम लागली तरी हात काढला नाही. घरी नेऊ का, म्हणून त्यानं त्याच्या आजीला विचारलं. तिला सगळे अक्का म्हणतात. अक्का म्हणाली, "चावते का बघ आधी."

तिनंच मला नाव दिलं, अग्गी. तेलुगूत आग. आमच्या पूर्व भागात निम्मं घर तेलुगूत बोलतं, निम्मं मराठीत, आणि भांडण कानडीत ऐकू आलं तरी सगळ्यांना कळतं.

काल होम झाला. कुंभारकन्येची गोष्ट अक्कानं गेल्या वर्षीही सांगितली होती, यंदा पुन्हा सांगितली. तिला सिद्धरामेश्वरांशीच लग्न करायचं होतं. ते योगी. शेवटी तिचं लग्न त्यांच्या योगदंडाशी लागलं. तेरा तारखेला सम्मती कट्ट्याजवळ त्या लग्नाच्या अक्षता पडतात, सात नंदीध्वज, म्हणजे उंच मानाच्या काठ्या, उभे असतात, आणि चौदाला होम मैदानावर होम पेटतो, ती सती गेली त्याची आठवण म्हणून. अक्षता टाकताना अक्काचे डोळे भरून येतात. माझ्या मनात मात्र तारखाच राहतात. तेराला अक्षता, चौदाला होम. जागा मिळाली आणि एकच दिवस मिळाली. हे मी अक्काला बोलले नाही. तिनं माझ्या हातात, म्हणजे पंजात, अक्षता दिल्या होत्या. थोड्या भाजल्या गेल्या, पण टाकल्या.

९ फेब्रुवारी

व्हायचं तेच झालं.

ड्रॅगनला राहायला सोलापुरातलं सगळ्यात चुकीचं घर कुठलं, तर विडी वळणाऱ्या बाईचं. सगळीकडं वाळकी पानं, सूत, आणि मांडीवरच्या सुपात तंबाखू. अक्का आणि वैनी सकाळी पानं भिजवतात, पत्र्याचा माप ठेवून कात्रीनं कापतात आणि मग बोटं अशी चालतात की बघताना झोप येते. हजार विड्या झाल्या की दिवस झाला. मी तंबाखू चाळायच्या वेळी गच्चीवर जाते. एरवी जाते. आज वैनीनं अवेळी चाळायला घेतला आणि मी दारात होते.

एका शिंकेत साडेतीनशे विड्या पेटल्या. घरात असा धूर झाला की शेजारचे तात्यांना विचारायला आले, कारखाना बदलला का. अक्कानं भिजकं पोतं मारून सगळं विझवलं, सूप उलटं केलं, मोजलं, आणि पुन्हा पान कापायला बसली. रात्री दोनपर्यंत दोघी बसल्या. मी कोपऱ्यात तोंड पंखाखाली घालून. विड्यांचा शेवटचा कट्टा बांधताना अक्का एवढंच म्हणाली, "शिंक येत असली की आधी सांगावं माणसानं."

सांगीन.

२ मार्च

तात्या चादरीवरून चिडलेत. थंडी गेली तरी मी ती घेते, कारण तिच्याखाली असलं की मी बाहेरून कुणासारखीही दिसू शकते. काल रात्री घोरले आणि मधोमध भोक पडलं. तात्या म्हणाले, "सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे, भोकाला नाही." पण रफू त्यांनीच केलं. भोक कुठं होतं ते आता मलाही सापडत नाही.

ते आधी गिरणीत होते. आल्या आल्या मला लांबून ती बंद गिरणीची चिमणी दिसली होती आणि मला वाटलं होतं, माझ्यातलंच कुणीतरी मोठं माणूस उभं आहे, श्वास रोखून. तात्यांना सांगितलं तेव्हा ते हसले नाहीत. म्हणाले, "ती धूर सोडायची तेव्हा आम्ही जेवायचो." भोंग्यावर घड्याळ लावायचे म्हणे सगळे. आता माग खट् खट् करतात, पण त्यावर कुणी घड्याळ लावत नाही.

(कडक भाकरी आणि शेंगाचटणीचं लिहायचं राहिलं. चटणीनं माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आगीच्या पोटची असून. घरात दोन दिवस हाच विनोद चालला.)

१९ एप्रिल

नातवानं आज एक जागा शोधून आणली माझ्यासाठी. त्याच्या पुस्तकात देवळाच्या चौकटीचं चित्र होतं. वर वटारलेले डोळे, सुळे, आणि खाली धड नाही. कीर्तिमुख. "हे बघ, तुझ्यासारखंच."

गोष्ट तात्यांनी सांगितली. शंकराच्या रागातून तो जन्मला, राहूला खायला. राहू शरण आला. मग हा भुकेला जीव म्हणाला, आता मी काय खाऊ? शंकर म्हणाले, स्वतःला खा. त्यानं शेपटीपासून सुरुवात केली आणि फक्त तोंड उरेपर्यंत खाल्लं. तेव्हा देव प्रसन्न झाले आणि त्याला दारावर बसवलं. आत जाणाऱ्यानं आधी त्याला नमस्कार करायचा.

नातवाला ही फार भारी जागा वाटते. मान आहे, उंची आहे, सावली आहे. मी माझी शेपटी बघत बसले. खरं सांगू? वर्षभर मी तेच करत आले. पंख बांधून ठेव, श्वास अर्धा घे, हसू नकोस, ठिणगी उडते. अजून थोडी खाल्ली असती स्वतःला तर कुठल्यातरी चौकटीवर बसवलंही असतं मला. आणि तिथून आत जाता येत नाही, बाहेरही नाही.

"नको," म्हणाले मी.

"मग तुला काय पायजे बे?"

ते सांगता आलं नाही.

१७ मे

४३ अंश. दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नाही. या महिन्यात सोलापुरात सगळेच आग ओकतात, त्यामुळं माझं फारसं काही वाटत नाही कुणाला. रिक्षावाला परवा म्हणाला, "तुमच्याकडं जरा गारच वाटतंय ओ."

संध्याकाळी तात्या मला आणि नातवाला भय्या चौकात घेऊन गेले, डॉ. कोटणीसांच्या स्मारकाला. द्वारकानाथ कोटणीस, जन्म १९१० चा, याच गावातला. जपानशी युद्ध चालू असताना १९३८ साली काँग्रेसनं पाच डॉक्टर चीनला पाठवले, त्यांतले एक. बाकीचे चौघे परतले. हे राहिले, तिथल्याच नर्सशी लग्न केलं, मुलाचं नाव इनहुआ ठेवलं, इन म्हणजे भारत आणि हुआ म्हणजे चीन. १९४२ च्या डिसेंबरात तिथंच वारले, बत्तीस वर्षांचे. तिकडं लोक त्यांना के दीहुआ म्हणायचे.

मी त्या नावापाशी बराच वेळ थांबले. सोलापूरचा माणूस, तिथल्या तोंडांना बसेल असं नाव. ते त्यांनी मागून घेतलं असेल असं वाटत नाही. रोज हाक मारायला लागते, एवढंच कारण असेल.

परतताना नातवाला भलतंच सुचलं. चीनचे ड्रॅगन पाण्यात राहतात, पाऊस पाडतात, असं त्याला कळलं होतं. आग ओकणारे, सोन्यावर बसणारे ते युरोपातले. "तू नक्की कुठली? चीनची असशील तर पाड की पाऊस." गल्लीतली पाच-सहा पोरं जमली. मी गच्चीवर चढले, आभाळाकडं तोंड करून जीव खाऊन फुंकलं. थोडी वाफ निघाली. वैनीच्या वाळत घातलेल्या साडीला इस्त्री झाली.

मी कुठली ते मला खरंच आठवत नाही. तात्या म्हणतात, इथं कोण इथलं आहे? त्यांचे आजोबा मागासाठी तेलंगणातून आले होते.

६ जून

पाऊस नाही. नळ एरवी काही दिवसांआड येतो, या आठवड्यात आलाच नाही. सकाळी गल्लीत टँकर आला. भांडणं नकोत म्हणून सगळ्यांनी ठरवलं, माणशी दोन घागरी. कोपऱ्यावरचे मास्तर वही घेऊन दारोदार माणसं लिहीत आले.

अक्का पानं कापत होती. मास्तरांनी विचारलं, "तुमच्यात किती?"

"सहा," अक्का म्हणाली. कात्री थांबली नाही.

मी दाराआड होते. मनातल्या मनात मोजलं. अक्का, तात्या, दादा, वैनी, नातू.

समोरच्या काकूंनीही मोजलं असणार, कारण त्या लगेच म्हणाल्या, "पाच की ओ. सहावं कोण?"

"आमची अग्गी."

"ती माणूस आहे का?"

मास्तरांची पेन्सिल वहीवर थांबली. मला वाटलं, आता अक्का काहीतरी मोठं बोलेल. ती बोलली नाही. एक पान कापलं, बाजूला ठेवलं, मग म्हणाली, "बारा घागरी तूच आणणार काय? तीच आणते की. लिहा ओ मास्तर."

मास्तरांनी सहा लिहिलं. काकू अजून पुटपुटत होत्या, त्यात त्यांचंही चुकलं नाही, त्यांच्यात नऊ माणसं आहेत आणि टँकर एकच.

मी रांगेत उभी राहिले. पुढं वैनी, मागं काकूंची सून. तिनं एकदा माझ्या पंखाच्या सावलीत सरकून घेतलं, काही न बोलता. माझी पाळी आली. दोन घागरी, एक डोक्यावर, एक दोन्ही पंजांत धरून. गल्ली चढाची आहे, मला धाप लागली.

घरात आले तेव्हा दोन्हींतून वाफ येत होती. अक्कानं पहिलीत बोट बुडवलं आणि काढलं.

"ह्या आंघोळीला ठेव. पानाला गरम पाणी चालत नाही," ती म्हणाली. "पुढची जरा तोंड मिटून आण."