दोनिझेत्तीचं तळघर, वेर्दीचं गाव: इटलीतल्या ऑपेराच्या वाटेवर

मिलानला जाणारे बहुतेक लोक ला स्काला हे तिथलं प्रसिद्ध ऑपेरागृह बाहेरून बघतात, फार तर तिथल्या संग्रहालयात तासभर घालवतात आणि व्हेनिसची गाडी पकडतात. ऑपेराची आवड असेल, किंवा ती लागावी अशी नुसती इच्छा जरी असेल, तर माझं आग्रहाचं सांगणं आहे की ला स्काला शेवटी ठेवा. आधी बेर्गामो, मग बुसेतो आणि पार्मा, आणि मग मिलान. हा सगळा टापू रेल्वेनं छान जोडलेला आहे, त्यामुळे गाडी भाड्यानं घ्यायची गरज नाही. या क्रमानं गेल्यावर एकोणिसाव्या शतकातलं हे संगीत कुठल्या घरांतून आलं आणि कुणाच्या मदतीनं उभं राहिलं, ते नीट समजतं. मला तरी तेव्हाच समजलं.

मिलानच्या चेंत्राले स्टेशनवरून बेर्गामो साधारण तासाभराच्या अंतरावर आहे. खालचं शहर नवं, वरचं जुनं, आणि मध्ये फ्युनिक्युलर, म्हणजे दोरानं ओढली जाणारी डोंगरगाडी. वर पोचल्यावर चौकातल्या गर्दीत न रेंगाळता आधी सान्त अलेस्सान्द्रो वेशीतून बाहेर पडा आणि बोर्गो कानाले या उतारावरच्या वस्तीत जा. ऑपेराकार गाएतानो दोनिझेत्ती 29 नोव्हेंबर 1797 ला जन्मला ते घर इथे आहे. रस्त्यावरून पाहिलं तर चारचौघांसारखं घर, पण दोनिझेत्ती कुटुंब राहायचं ते खाली, डोंगराच्या पोटात गेलेल्या खोल्यांत. जिने उतरत गेलो तसा उजेड कमी होत गेला आणि भिंतींचा गारवा अंगाला जाणवायला लागला. आपण जमिनीखाली जन्मलो आणि तिथे उजेडाचा किरणही पोचत नसे, असं दोनिझेत्तीनं पुढे आपल्या गुरूला लिहिलं होतं. त्या खोलीत उभं राहिल्यावर त्यात अतिशयोक्ती वाटत नाही.

घरची गरिबी होती. वडील नंतर शहराच्या सार्वजनिक तारणपेढीत रखवालदार झाले. घरात संगीताची परंपरा नव्हती. हा मुलगा वर आला तो योहान सिमोन मायर या बव्हेरियातून आलेल्या संगीतकारामुळे. मायरनं 1806 मध्ये गरीब मुलांसाठी मोफत संगीतशाळा काढली. तिथली मुलं सांता मारिया माज्जोरे या बॅसिलिकात, म्हणजे मोठ्या चर्चमध्ये, गायची. दोनिझेत्ती पहिल्या तुकडीत होता, पण त्याचा आवाज बेताचाच होता आणि शाळेतून नाव कमी होण्याची वेळ आली होती. मायरनं त्याला जाऊ दिलं नाही. 1811 मध्ये त्यानं शाळेच्या मुलांसाठी एक छोटा संगीतप्रवेश लिहिला आणि त्यात बालसंगीतकाराची मुख्य भूमिका दोनिझेत्तीलाच दिली. पुढे याच मुलानं सत्तरच्या आसपास ऑपेरा लिहिले. ‘लेलिझिर द’आमोरे’ 1832 मध्ये मिलानला आला, ‘लुचिया दी लाम्मेरमूर’ 1835 मध्ये नेपल्सला. एवढं काम कशासाठी, असा प्रश्न पडतो. उत्तर साधं आहे. त्या काळी इटलीत इम्प्रेसारिओ, म्हणजे नाटकगृह चालवायला घेणारा ठेकेदार, हंगामाआधी संगीतकाराशी करार करी आणि एकरकमी पैसे देई. जुना ऑपेरा दुसऱ्या गावी शंभर वेळा झाला तरी संगीतकाराच्या हातात फारसं काही पडत नसे. पोट भरायचं तर पुढचा ऑपेरा लिहायलाच हवा.

सांता मारिया माज्जोरेत गुरू आणि शिष्य दोघांच्याही समाध्या आहेत. दोनिझेत्तीच्या समाधीवर शिल्पकार विन्चेन्झो वेलानं घडवलेली शोकमग्न ‘हार्मनी’, म्हणजे स्वरमेळाची स्त्रीरूप मूर्ती, बसलेली आहे. तिच्याकडे सगळ्यांचं लक्ष जातं, पण खालच्या उठावाच्या पट्टीकडे वाकून पाहा. तिथे लहान मुलं रडत, चिडत आपापली वाद्यं मोडताना दाखवली आहेत. दोनिझेत्तीची शेवटची वर्षं फार वाईट गेली. बायको आणि तिन्ही मुलं गेली, आजारानं बुद्धी गेली, पॅरिसजवळच्या वेड्यांच्या इस्पितळात ठेवावं लागलं, आणि 1848 च्या एप्रिलमध्ये बेर्गामोतच शेवट झाला. हे ठाऊक असल्यावर ती मोडतोड करणारी मुलं बघवत नाहीत. (बॅसिलिकात खांदे आणि गुडघे झाकलेले असावेत. घराच्या वेळा मोजक्याच असतात, त्या निघण्याआधी संकेतस्थळावर बघून घ्या.) नोव्हेंबरात जमलं तर इथल्या दोनिझेत्ती महोत्सवात एरवी न होणारे ऑपेराही ऐकायला मिळतात.

बुसेतोसाठी मिलानहून बोलोन्याच्या दिशेनं जाणाऱ्या रेजिओनाले, म्हणजे स्थानिक, गाडीनं फिदेन्झाला उतरायचं आणि क्रेमोनाकडे जाणारी छोटी गाडी धरायची. फिदेन्झाहून बुसेतो पाव तासावर आहे, पण या शाखेवर गाड्या विरळ असतात, म्हणून परतीची वेळ आधीच लिहून ठेवा. कागदी तिकीट घेतलंत तर फलाटावरच्या यंत्रात शिक्का मारून मगच गाडीत चढा, नाहीतर दंड होतो. रविवारी आणि सोमवारी जाणं टाळलेलं बरं. एका दिवशी गाड्या कमी, दुसऱ्या दिवशी बरीच संग्रहालयं बंद. दुपारीही संग्रहालयं जेवणासाठी बंद होतात, तेव्हा सकाळचीच गाडी घ्यावी.

इटलीचा दुसरा मोठा ऑपेराकार जुझेप्पे वेर्दी 10 ऑक्टोबर 1813 ला जन्मला तो बुसेतोपासून पाचेक किलोमीटरवरच्या रोंकोले या खेड्यात. त्या वेळी हा मुलूख नेपोलियनच्या फ्रेंच साम्राज्यात असल्यामुळे जन्मनोंद फ्रेंचमध्ये आहे आणि नाव लिहिलंय जोसेफ! वडील खाणावळ-दुकान चालवायचे. जन्मघर म्हणून दाखवतात ती उतरत्या छपराची बुटकी इमारत, आणि जवळच सान मिकेले चर्च, जिथे त्याचा बाप्तिस्मा झाला आणि जिथला ऑर्गन तो लहानपणीच वाजवू लागला. बुसेतोहून इथवरचा रस्ता अगदी सपाट आहे. सायकल मिळाली तर उत्तम, नाहीतर टॅक्सी, आणि हवा बरी असेल तर चालतही जाता येतं. शिकायला बुसेतोत राहू लागल्यावर वेर्दीही ऑर्गन वाजवण्यासाठी दर रविवारी हीच वाट तुडवायचा. दोन्ही बाजूंना शेतं आणि पाण्याचे चर आहेत. असल्याच एका चरात तो हिवाळ्यातल्या अंधारात पडला होता, अशी आठवण सांगतात. उन्हाळ्यात इथे डास फार आणि हिवाळ्यात दाट धुकं, म्हणून एप्रिल-मे किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर हा काळ चांगला.

पोरगा सात-आठ वर्षांचा असताना वडिलांनी त्याच्यासाठी एक जुना स्पिनेट, म्हणजे पियानोसारखं छोटं पट्ट्यांचं वाद्य, मिळवला होता. तो आज मिलानमध्ये जपून ठेवलेला आहे. तो दुरुस्त करणाऱ्या स्तेफानो काव्हाल्लेत्ती या कारागिरानं 1821 मध्ये वाद्याच्या आतच एक चिठ्ठी लिहून ठेवली. त्यानं त्यात लिहिलंय की तारा छेडणाऱ्या पट्ट्या नव्या केल्या, चामडं लावलं, पेडलही आपल्या पदरचं बसवलं, आणि पैसे घेतले नाहीत, कारण छोट्या वेर्दीची शिकायची ओढ पाहिली, तेवढ्यात आपली मजुरी पोचली. या संपूर्ण प्रवासात मला सर्वांत जवळचं वाटलेलं माणूस म्हणजे हा काव्हाल्लेत्ती.

असं देणारा तो एकटा नव्हता. बुसेतोत रोमा रस्त्यावर आन्तोनियो बारेझ्झी या व्यापाऱ्याचं घर आहे, ते चुकवू नका. मद्य आणि किराणा मालाचा हा व्यापारी संगीतवेडा होता. गावच्या हौशी वाद्यमंडळींच्या तालमी त्याच्याच दिवाणखान्यात चालत. आपल्याकडे वार लावून जेवणारे विद्यार्थी असत, तसा वेर्दी या घरचा झाला. मिलानला शिकायला जायचं ठरलं तेव्हा गावच्या मोन्ते दी पिएता या धर्मादाय संस्थेनं वर्षाला 300 लिरा शिष्यवृत्ती मंजूर केली, आणि ती हाती येईपर्यंतचा खर्च बारेझ्झीनं उचलला. मिलानच्या संगीत विद्यालयानं 1832 मध्ये प्रवेश नाकारला, तरी बारेझ्झीनं हात काढून घेतला नाही. खाजगी शिकवणी लावून दिली. पुढे त्याचीच मुलगी मार्गेरिता वेर्दीशी लग्न करून गेली. दोन्ही मुलं आणि पाठोपाठ 1840 मध्ये मार्गेरिताही गेली, तरी सासरे-जावयाचं नातं तुटलं नाही. ‘मॅकबेथ’ बारेझ्झीलाच अर्पण केलेला आहे.

गावाशी मात्र बिनसलं, आणि ती गोष्ट चौकातल्या किल्ल्यातच बघायला मिळते. किल्ल्याच्या आत जेमतेम 300 प्रेक्षक मावतील असं वेर्दी नाट्यगृह आहे. लाल मखमल, सोनेरी वेलबुट्टी, सगळं ला स्कालासारखं, पण एवढंसं की कठड्याशी उभं राहिलं तर समोरच्या बॉक्समधल्या माणसाशी आवाज न चढवता बोलता येईल. 15 ऑगस्ट 1868 ला ते ‘रिगोलेत्तो’नं उघडलं. वेर्दीनं 10,000 लिरा दिले, त्याच्यासाठी बॉक्स राखून ठेवला होता, पण तो उद्घाटनाला आला नाही आणि नंतरही त्यानं तिथे पाऊल टाकलं नाही. नाट्यगृहावर एवढा पैसा घालणं त्याला उधळपट्टी वाटत होतं, आणि त्याआधीची जखमही होती. लग्नाआधी गायिका जुझेप्पिना स्त्रेप्पोनीसोबत तो इथे राहू लागला तेव्हा गावानं तिला वाळीत टाकल्यासारखं वागवलं होतं. आम्ही शिकवलं म्हणून हा मोठा झाला, ही गावाची भाषा त्याला सहन होत नसे. मला दोघांचंही पटतं. गावानं खरोखर दिलं होतं, पण दिलेलं सतत बोलून दाखवलं की घेणाऱ्याला ते ओझं होतं.

बुसेतोजवळच्या सान्त आगाता इथली वेर्दीची हवेली 2022 च्या अखेरीपासून बंद झाली. वारसांमधला वाद आणि मग सरकारनं ती ताब्यात घेण्याची प्रक्रिया, असं ते लांबलं आहे. उघडी आहे का, याची निघण्याआधी खात्री करून घ्या. 1851 पासून तो तिथेच राहिला. जमीन वाढवत नेली, कालवे काढले, आणि शेतीत त्याचं लक्ष संगीताइतकंच होतं. बंद असली तर त्याऐवजी बुसेतोतलं व्हिला पाल्लाव्हिचिनोमधलं राष्ट्रीय वेर्दी संग्रहालय बघता येतं.

शाकाहारी मंडळींसाठी दोन शब्द. हा प्रदेश डुकराच्या मांसाचा आहे. कुलातेल्लो आणि पार्माचं प्रोशुत्तो इथलंच. तोर्तेल्ली द’एर्बेत्ता, म्हणजे रिकोत्ता आणि पालेभाजीचं सारण भरलेला पास्ता, सगळीकडे मिळतो आणि चवीला फार छान असतो. पण पार्मिजानो चीज वासराच्या पोटातल्या रेनेटनं, म्हणजे दूध फाडणाऱ्या द्रव्यानं, बनतं, आणि तोर्ता फ्रित्ता ही पुरीसारखी फुगणारी तळणी बऱ्याचदा डुकराच्या चरबीत तळलेली असते. कडक शाकाहार असेल तर विचारूनच घ्या.

पार्माला मुक्काम करा. तेआत्रो रेजो हे इथलं ऑपेरागृह 1829 मध्ये बेल्लिनी या संगीतकाराच्या ‘झाइरा’नं उघडलं आणि पहिल्याच रात्री प्रेक्षकांनी तो ऑपेरा पाडला. तो धाक आजही आहे. सगळ्यांत वरच्या सज्जात, लोज्जोनेत, बसणाऱ्यांना वेर्दी तोंडपाठ असतो. शहरात 27 जणांचं एक मंडळ आहे, त्यातला प्रत्येकजण वेर्दीच्या एकेका ऑपेराचं नाव लावतो! सप्टेंबर-ऑक्टोबरमधल्या वेर्दी महोत्सवाची तिकिटं मात्र बरीच आधी घ्यावी लागतात आणि तेव्हा हॉटेलंही महागतात.

मग मिलान. मेट्रोच्या लाल लाइननं बुओनारोत्ती स्टेशनला उतरलं की समोर वेर्दीचा पुतळा आणि त्यामागे त्यानं बांधलेला कलावंतांचा आश्रम, कासा दी रिपोझो. म्हातारपणी हातात काहीच न उरलेल्या गायक-वादकांसाठी त्यानं हे घर स्वतःच्या पैशानं उभारलं. आराखडा कामिल्लो बोइतोचा. आपल्या मृत्यूनंतरच ते उघडावं असं वेर्दीनं बजावलं होतं, राहणाऱ्यांनी येऊन आभार मानलेले त्याला नको होते. 1902 मध्ये ते उघडलं. आपल्या सगळ्या कृतींत हीच सर्वांत आवडती, असं त्यानं एका पत्रात लिहिलं. बुसेतोतली कटुता बघून इथे आलं की ती अट किती विचारपूर्वक घातली होती ते कळतं. अंगणापलीकडच्या तळघरात वेर्दी आणि जुझेप्पिनाच्या समाध्या आहेत. फेब्रुवारी 1901 मध्ये त्यांच्या शवपेट्या इथे आणल्या तेव्हा संगीतसंचालक तोस्कानिनीनं शेकडो गायकांकडून ‘व्हा, पेन्सिएरो’ हे वेर्दीच्या ‘नाबुक्को’ ऑपेरातलं समूहगीत म्हणवून घेतलं होतं. आज वृद्ध कलावंतांबरोबर संगीत शिकणारे तरुणही इथे राहतात. हे राहतं घर आहे, हे ध्यानात ठेवून हळू बोला आणि लोकांचे फोटो काढू नका.

ला स्कालाचा हंगाम 7 डिसेंबरला, मिलानचा संरक्षक संत सान्त अम्ब्रोजो याच्या दिवशी सुरू होतो. त्या रात्रीचं तिकीट आपल्या आवाक्यात नसतं, पण एरवी गॅलरीतली तिकिटं परवडतात. मधल्या भागातली घ्या. कडेच्या खुर्च्यांवरून अर्धा रंगमंच दिसत नाही, आणि बॉक्समध्ये मागची खुर्ची मिळाली तर केवळ ऐकणं होतं. हाफ पँट किंवा बिनबाह्यांचा टी-शर्ट चालत नाही. उशीर झाला तर मध्यंतरापर्यंत बाहेर थांबावं लागू शकतं. पुढ्यातल्या छोट्या पडद्यावर शब्द इंग्रजीतही येतात, तरी कथानक आदल्या दिवशी वाचून जा, म्हणजे नजर रंगमंचावर राहते. 9 मार्च 1842 ला इथे ‘नाबुक्को’ झाला आणि ‘व्हा, पेन्सिएरो’ला वन्समोर मिळाला, असं गाइड रंगवून सांगतात. त्या काळच्या वृत्तांतांवरून दिसतं की वन्समोर मिळाला तो शेवटच्या ‘इम्मेन्सो येहोव्हा’ या समूहगीताला. दोन्ही ऐकून जा. आणि पहिलाच ऑपेरा निवडायचा असेल तर ‘रिगोलेत्तो’ किंवा ‘लेलिझिर द’आमोरे’ निवडा. दोन्ही लांबीला आटोपशीर आहेत, गोष्ट सरळ आहे, आणि पहिल्यांदा ऐकणाऱ्यालाही चाली धरता येतात.